ध्वनिवर्धकाचा लगाम

मनुष्याचा आवाज कितीतरी पटींनीं मोठा करण्याची विद्या हातीं आली, तेव्हां तिच्याबरोबर एक कर्कश किंकाळीहि जन्मास आली. १९१५ सालीं कॅलिफोर्नियांतील नापा गांवीं पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम आपल्या यंत्राची परीक्षा घेत होते. कर्णा जोडतांच कानठळ्या बसविणारा नाद उठला. कर्ण्यांतून निघालेला ध्वनि पुन्हां मायक्रोफोनांत शिरत होता व पुन्हां वाढत होता. अखेर कर्णा घराच्या छपरावर चढविला, तेव्हां स्पष्ट शब्द दूरवर ऐकूं गेले.

या विद्येचें मोल चार वर्षांनीं दिसलें. १९ सप्टेंबर १९१९ रोजीं सॅन डिएगो येथें, राष्ट्रसंघाच्या पुरस्कारासाठीं दौरा करून थकलेले राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचें भाषण अशाच कर्ण्यांनीं हजारों श्रोत्यांपर्यंत पोंचविलें. पुढें २ ऑक्टोबरला त्यांना पक्षाघात झाला.

आज अनेक मायक्रोफोनांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर व त्यांना बळ देणारा ॲम्प्लिफायर एकाच पेटींत सामावतात. पण नापाचा धडा जुना झालेला नाहीं. तारा पेटी बंद असतांनाच जोडाव्या. यंत्रास झेपतील तेवढेच कर्णे लावावे. सर्व खुंट्या शून्यावर आणून मग वीज सुरू करावी व आवाज हळूहळू चढवावा. मायक्रोफोन कर्ण्यांसमोर येऊं देऊं नये. अर्थिंगची तार तर कधींच तोडूं नये. बिघाड झाल्यास मायक्रोफोन धरणाऱ्याचा प्राण तिच्यावरच अवलंबून असतो. काम संपल्यावर आधीं आवाज उतरवावा, मग वीज बंद करावी. थकलेल्या वक्त्याची वाणी हजारोंना ऐकविणारें सामर्थ्य असें सावध हातांतच शोभतें.