शून्य बाइटची फाइल
अंबरनाथ पश्चिमेला प्रबंध लिहिताना वीज गेली, तर तुम्ही 'सेव्ह' केलेलं डिस्कवर असतंच असं नाही. आधी ते मेमरीत थांबतं. लिनक्सच्या एक्स्ट३ मध्ये हा मुक्काम साधारण पाच सेकंदांचा. डिसेंबर २००८ मध्ये स्थिर ठरलेल्या एक्स्ट४ने डिस्कवरचं जागावाटपच लांबवलं. वेग वाढला, मुक्कामही अर्ध्या मिनिटापुढे गेला. २००९ मध्ये मशीन अचानक बंद पडल्यावर लोकांना शून्य बाइटच्या फाइली सापडू लागल्या. प्रोग्राम नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देत. नाव डिस्कवर पोचलं, मजकूर मागेच राहिला! थिओडोर त्सो म्हणाले, प्रोग्रामने एफसिंक करायला हवं. नियमाने बरोबरच, पण लोकांची सवय मोडणार कोण? अखेर २.६.३० कर्नलमध्ये त्यांचीच दुरुस्ती आली: जुन्या फाइलवर नाव चढवताना मजकूर आधी उतरतो. अगदी नव्या फाइलला मात्र ही सोय नाही. तिथे एफसिंक तुम्हालाच लिहावं लागतं.