अनेकमुखी संगणक आणि ‘वाटाड्या’ : एका भेदाचा इतिहास

चामोर्शीच्या परिसरात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली अशा चार भाषा कानी पडतात. त्यांपैकी दोन-तीन सहज बोलणारी माणसे तेथे पुष्कळ आहेत. परंतु दोन भाषा जाणणारा प्रत्येक मनुष्य दुभाषा नव्हे. एकाचे बोलणे दुसऱ्यास पोचविण्याचे काम जो पत्करतो, तोच दुभाषा होय. संगणकांच्या जाळ्यांच्या इतिहासात नेमका हाच भेद काही काळ अस्पष्ट राहिला.

१९६९ साली अमेरिकेत ‘आर्पानेट’ सुरू झाले, तेव्हा संदेश पुढे धाडण्याचे काम मुख्य संगणकाकडे नव्हते. त्यासाठी हनीवेल कंपनीचे निराळे यंत्र ठेवलेले असे. सर्फ व कान यांनी १९७४ च्या निबंधात भिन्न जाळ्यांना जोडणाऱ्या यंत्रास ‘गेटवे’, म्हणजे वेस, असे नाव दिले. पुढे १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाची ‘४.२ बीएसडी’ ही प्रणाली प्रसृत झाली आणि चित्र पालटले. आता सामान्य संगणकात दोन किंवा अधिक जाळेपत्रे (नेटवर्क कार्डे) बसविली, की तोच वेशीचे काम करू लागे. आलेल्या पुडक्यावरील पत्ता पाहावयाचा, मार्गांच्या कोष्टकात त्याच्याशी सर्वांत दीर्घ जुळणारी नोंद शोधावयाची, पुडक्याचे उरलेले आयुष्य एकाने घटवावयाचे आणि योग्य त्या पत्रातून ते बाहेर सोडावयाचे, एवढाच हा व्यापार.

सोय मोठी होती. उपद्रवही लहान नव्हता. सर्वांस उद्देशून पाठवावयाच्या संदेशाचा पत्ता ही प्रणाली शून्यांनी लिहीत असे. नंतर रूढ झालेला संकेत मात्र एकांचा होता. त्यामुळे नव्या संकेतातील संदेश जुन्या यंत्रांना परक्याचा वाटे, आणि ज्यांना कोणी सांगितले नव्हते अशी यंत्रेही तो पुढे धाडण्याच्या खटपटीस लागत. एका हाकेला शंभर प्रतिध्वनी उठावेत, तशी जाळ्याची अवस्था होई.

ऑक्टोबर १९८९ मधील ‘आरएफसी ११२२’ या दस्तऐवजाने यावर निर्बंध घातला. एकाहून अधिक पत्रे आहेत एवढ्यावरून संगणकाने आपण होऊन वेशीची भूमिका घेऊ नये; ती सोय मुळात बंद असावी. कारण यंत्राच्या चालकास ती सेवा द्यावयाची नसेल, किंवा ती देण्याची पात्रताही त्याच्यापाशी नसेल. तांत्रिक नियमात मनुष्याच्या इच्छेचा व योग्यतेचा असा विचार क्वचितच आढळतो. दरम्यान ‘गेटवे’ ही संज्ञाही मागे पडत गेली. १९९५ च्या ‘आरएफसी १८१२’ मध्ये ‘राउटर’ हीच स्थिर झालेली दिसते. जंगलपट्टीत वाट दाखविणाऱ्यास वाटाड्या म्हणतात. मराठीत याहून समर्पक शब्द शोधण्याचे कारण नाही.

पत्रांची संख्या वाढविली म्हणजे सामर्थ्य त्याच प्रमाणात वाढते, हा आणखी एक भ्रम. १९९० च्या दशकातील संगणकांत सर्व पत्रे बहुधा एकाच ‘पीसीआय’ मार्गिकेवर बसत. तिची कमाल क्षमता सेकंदास सुमारे १३३ मेगाबाइट. एकट्या गिगाबिट पत्रास एका दिशेनेच १२५ लागतात. शिवाय प्रत्येक पुडके त्या मार्गिकेवरून दोनदा जाते, एकदा स्मृतीत येताना आणि एकदा बाहेर पडताना. सहा दरवाजांच्या घराला बोळ एकच, असा हा प्रकार होता.

भारतात १९८६ च्या सुमारास ‘अर्नेट’ प्रकल्पामुळे जाळ्यांची जोडणी सुरू झाली आणि मुंबईची ‘एनसीएसटी’ ही संस्था तिचे एक प्रमुख केंद्र बनली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. चामोर्शीसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून गावांकडे तंतू न्यावयाचा, अशी तिच्या पहिल्या टप्प्याची मूळ आखणी. या रचनेत वाटेतील विभाजक एका तंतूतील प्रकाश अनेक शाखांत नुसता वाटून देतो. तो पत्ता वाचीत नाही, निवड करीत नाही, त्यास विजेचीही गरज नसते. मुखे अनेक असूनही त्यास वाटाड्या म्हणता येणार नाही. तो फार तर रस्त्यावरचा फाटा.