विल्यम महोन : सेनापती आणि ऋणकपातीचे राजकारण

अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले अनेक सेनानी पुढे जुन्या सत्ताधारी वर्गाच्याच राजकारणाचे पुरस्कर्ते झाले. व्हर्जिनियाचा विल्यम महोन (१८२६–१८९५) हा यास ठळक अपवाद होय. पेशाने रेल्वे-अभियंता असलेल्या महोनने ३० जुलै १८६४ रोजी पीटर्झबर्गच्या वेढ्यात प्रतिहल्ला करून उत्तरेचे सैन्य मागे रेटले. शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची त्या दिवशी झालेली कत्तल त्याच्या या कीर्तीपासून वेगळी काढता येत नाही.

युद्धानंतर कालवे व लोहमार्ग यांसाठी पूर्वी काढलेल्या कर्जाने व्हर्जिनिया राज्य पिचून गेले होते. रोखेधारकांचे व्याज भागविण्यासाठी सार्वजनिक शाळांचा पैसाही वळविला जाई. कर्जात कपात व्हावी, या मागणीवर महोनने १८७९ मध्ये ‘रीॲडजस्टर’ पक्ष उभारला. गोरे शेतकरी व कृष्णवर्णीय मतदार त्यात एकत्र आले. १८८१ मध्ये महोन सिनेटमध्ये गेला. १८८२ मध्ये राज्यात कर्जकपात झाली, मतदानासाठीचा डोईकर उठला, फटक्यांची शिक्षा बंद झाली आणि त्याच पीटर्झबर्गजवळ कृष्णवर्णीयांसाठी उच्च शिक्षणसंस्था स्थापन झाली.

नोव्हेंबर १८८३ मध्ये डॅनव्हिल येथे दंगल झाली. त्यानंतर वर्णद्वेषाच्या प्रचाराच्या बळावर डेमोक्रॅटिक पक्षाने विधिमंडळ जिंकले. १९०२ च्या राज्यघटनेने डोईकर पुन्हा लादला. महोन निःस्वार्थी होता असे म्हणता येत नाही. पक्षावरील त्याची हुकमत कठोर होती. तथापि दक्षिणेतील वर्णभेदी व्यवस्था अटळ नव्हती, ती प्रयत्नपूर्वक लादली गेली, हे त्याच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.