हलवला की बंद

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप-दुरुस्तीच्या कुठल्याही टेबलापाशी तासभर उभं राहिलं, तर एक तक्रार हमखास कानावर येते. 'जागेवर ठेवला तर दिवसभर चालतो हो, उचलला की बंद!' कारागीर त्यावर लगेच काही बोलत नाही. सुरू असलेल्या लॅपटॉपचा डावा कोपरा तो बोटभर उचलतो आणि अलगद सोडतो. काही होत नाही. मग उजवा कोपरा उचलतो. पडदा काळा होतो, पंख्याची घरघर थांबते. निम्मं निदान तिथंच झालेलं असतं. मशीन उघडण्याआधीच तो पुटपुटतो, 'ड्राय सोल्डर दिसतंय.' म्हणजे आतला एखादा डाख, सोल्डरचा सांधा, सुटलेला.

हे दुखणं आजचं नाही. उचलून नेता येणारा संगणक बाजारात यायच्या आधीपासून ते आहे आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं : सुटलेला सांधा.

लॅमिंग्टन रोडलाही हे दुखणं जुनंच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला मिळालं. पाटीवर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं, तरी सुटे भाग शोधत येणारा माणूस जुनंच नाव घेतो. संगणकाच्या आधी इथे रेडिओचे भाग मिळत. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचा एक स्वभाव जुन्या घरांत सगळ्यांना ठाऊक होता. आवाज खरखरला की वरून एक थाप मारायची, बातम्या पुन्हा सुरू. ती थाप म्हणजे अडाणीपणा नव्हता. व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेले असत. तापले की त्यांच्या पिना प्रसरण पावत, थंड झाले की आकसत. असं रोज होता होता खोबणीतली पकड सैल पडे आणि थापेने ती क्षणभर जुळून येई. रेडिओ गेले, टीव्ही आले, थाप तशीच राहिली.

याच थापेचा सल्ला पुढे अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना दिला होता. १९८० च्या मे महिन्यात अॅपलने 'अॅपल थ्री' हा संगणक जाहीर केला. तो कार्यालयांसाठी होता आणि त्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर होती. पंख्याचा आवाज नको, असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता, म्हणून आत पंखाच बसवला नाही. उष्णता धातूच्या जड तळातून बाहेर जाईल, असा हिशेब होता. तो चुकला. मशीन तापे, निवे, पुन्हा तापे आणि खोबणीत बसवलेल्या चिप हळूहळू वर सरकत. पडद्यावर भलतीच अक्षरं उमटत, काम मध्येच थांबे. त्यावर उपाय सांगितला गेला तो असा : संगणक टेबलावरून काही इंच वर उचला आणि सोडून द्या. त्या धक्क्याने चिप पुन्हा खोबणीत बसत. शेवटी कंपनीला सुरुवातीची सुमारे चौदा हजार यंत्रं बदलून द्यावी लागली, आणि 'अॅपल थ्री'ची पत गेली ती परत आली नाही.

टेबलावरून न हलणाऱ्या यंत्राची ही गत. मग जे यंत्र रोज पिशवीत घालून न्यायचं, त्याचं काय?

उचलून नेण्यासाठीच बनवलेला आणि बाजारात खपलेला पहिला संगणक म्हणून 'ऑसबॉर्न वन'चं नाव घेतलं जातं. तो आणणाऱ्या अॅडम ऑसबॉर्न यांचं भारताशी नातं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यांचे वडील आर्थर ऑसबॉर्न हे रमण महर्षींचे भक्त. त्यामुळे अॅडमचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं, तेही त्याच राज्यात, कोडाईकॅनलला. एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी जो संगणक आणला, तो दिसायला शिलाई मशीनच्या पेटीसारखा होता. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. ली फेल्सनस्टाईन यांनी त्याची रचना करताना विमानातल्या आसनाखाली तो मावेल याची काळजी घेतली होती. आत बॅटरी नव्हती. म्हणजे एका जागी बंद करायचा, दुसऱ्या जागी नेऊन सॉकेटला जोडायचा आणि मग सुरू करायचा. 'चालू असताना हलवला तर बंद पडतो' ही तक्रार तेव्हा कुणी केलीच नसती, कारण चालू असताना तो हलवायचाच नव्हता!

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'ग्रिड कंपास' आला. मांडीवर ठेवून पुस्तकासारखा उघडायचा, झाकणात पडदा आणि तळाला कळफलक. आजच्या प्रत्येक लॅपटॉपचा हा आकार बिल मॉग्रिज यांच्या याच रचनेतून आला. या यंत्राचं मोठेपण मात्र नुसत्या आकारात नाही. त्याच्या कर्त्यांनी धक्क्यांचा विचार मुळातूनच केला होता. कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं केलं. साठवणीसाठी फिरणारी तबकडी न घेता 'बबल मेमरी' घेतली, म्हणजे साठवणीत हलणारा भागच राहिला नाही. किंमत आठ हजार डॉलरच्या पुढे गेली, सामान्य माणसाला तो परवडणारा नव्हताच. पण १९८३ पासून नासाच्या अवकाशयानातून तो प्रवासाला गेला. उड्डाणाच्या वेळचा हादरा सोसणारं यंत्र बनवता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पैसे मोजायची तयारी हवी, एवढंच.

बाजाराला मात्र स्वस्त आणि हलकं हवं होतं. १९८५ चा तोशिबा 'टी ११००' बॅटरीवर चालणारा आणि जेमतेम चार किलोंचा होता. तिथून पुढे दर वर्षी जाडी कमी होत गेली. तबकडी वाचवण्यासाठी २००३ मध्ये आयबीएमने 'थिंकपॅड'मध्ये हालचाल ओळखणारा संवेदक बसवला. लॅपटॉप पडतोय असं वाटलं, की तबकडीवरचा वाचक काटा तो क्षणार्धात बाजूला घेई. २००६ मध्ये अॅपलने चार्जरची पिन चुंबकाने चिकटणारी केली. जपानमधल्या पाणी तापवायच्या विजेच्या भांड्यांना अशा वायरी आधीपासून होत्या. पाय अडकला तर वायर सुटते, भांडं लवंडत नाही. तबकडी आणि वायर अशी सांभाळली गेली. चिप ज्यावर डाखलेल्या असतात, तो मधला बोर्ड मात्र वाकत राहिला.

त्या बोर्डावर काय घडतं, हे समजायला आपल्या तांबटाच्या दुकानात डोकावलेलं बरं. तांब्या-पितळेच्या भांड्याला भोक पडलं की तांबट डाख देतो. कल्हई करणारा कथील लावण्याआधी नवसागराने भांड्याचा पृष्ठभाग साफ करून घेतो. पृष्ठभाग मळका राहिला, तर कथील वरवर बसतं आणि पुढे सोलून निघतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावरही तेच कथील आहे. फक्त नवसागराच्या जागी राळ वापरतात आणि डाखाचा आकार मोहरीच्या दाण्याहून लहान असतो. अनेक वर्षं या डाखात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असे. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. शिसं विषारी, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक उपकरणांत त्याच्यावर बंदी घातली. भारतात तशी मर्यादा १ मे २०१४ पासून आली. नव्या डाखात कथिलाबरोबर थोडी चांदी आणि थोडं तांबं असतं आणि तो २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतो. शिशाची बंदी योग्यच होती, याबद्दल दुमत नको. पण शिशाच्या डाखाशी कारखान्यांची जी जुनी ओळख होती, ती नव्याशी नव्हती. शिवाय मोठ्या चिपचे पाय आता कडेला दिसेनासे झाले होते. चिपच्या पोटाखाली डाखाच्या शेकडो गोळ्यांच्या रांगा, आणि त्यातली एखादी तडकली तर डोळ्यांना दिसायची सोय नाही.

ती का तडकते? चिपमधलं सिलिकॉन आणि खालचा बोर्ड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. बोर्डाचा फुगवटा काही पटींनी जास्त असतो. त्या ओढाताणीत सगळा ताण मधल्या गोळीवर येतो. लॅपटॉप सुरू केला, एक ताण. बंद केला, दुसरा. धातू असा पुन्हा पुन्हा तापून-निवून का थकतो, याचा नियम कॉफिन आणि मॅन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९५० च्या दशकात, लॅपटॉपच्या कितीतरी आधी, मांडून ठेवला होता. केसाएवढी भेग पडली की लॅपटॉप जागेवर असताना दोन्ही कडा टेकलेल्या राहतात आणि वीज वाहते. एका हाताने कोपऱ्याला धरून उचलला की बोर्ड किंचित वाकतो, कडा सुटतात आणि सगळं काळोखात जातं.

डेन्मार्कमध्ये हे सरकारदरबारी नोंदलं गेलं. २००३ अखेरीस बाजारात आलेल्या अॅपलच्या 'आयबुक जी ४' या लॅपटॉपबद्दल तिथल्या ग्राहक तक्रार मंडळाकडे तक्रारी आल्या. यंत्रं हमीची मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडत होती. मंडळाने ती प्रयोगशाळेत तपासून घेतली. टचपॅडच्या डाव्या बाजूला बोटाने दाबलं की लॅपटॉप चाले, बोट उचललं की बंद पडे. सूक्ष्मदर्शकाखाली एका भागाच्या डाखाला तडा दिसला. सुरू-बंद होताना तापमान बदलत असल्यामुळे तो वाढत गेला होता. २००७ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. 'तुमच्या हाताळणीमुळेच झालं असेल' हे उत्तर ऐकून निमूट परत फिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. यंत्र कुणी आपटलं नव्हतं. ते रोज वापरलं गेलं होतं, आणि त्यासाठीच तर ते विकलं होतं.

२००८ च्या जुलैत ग्राफिक्स-चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. चिपच्या वेष्टनातलं साहित्य कमकुवत निघालं होतं. त्या काळात बोर्ड गरम हवेने शेकायची, काहींच्या घरी तर चक्क भट्टीत ठेवायची टूम निघाली. मशीन जिवंत होई आणि काही आठवड्यांनी पुन्हा मान टाकी. दोष चिपच्या आत असेल, तर बाहेरून शेकून तो जात नाही. चांगले कारागीर हे स्पष्ट सांगतात. 'शेकून देतो, चालला तर चालला' म्हणणाऱ्याकडे लॅपटॉप देऊ नये.

चांगल्या कारागिराची पहिली खूण म्हणजे तो गरम हवेची बंदूक सगळ्यात शेवटी हातात घेतो. आधी बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवतो, मग नुसत्या बॅटरीवर. बॅटरीवर असताना हलवल्यावर बंद पडतो आणि चार्जरवर पडत नाही, तर पकड सैल झालेल्या बॅटरीकडे बोट जातं. उलट असेल तर चार्जिंगच्या जॅककडे. जॅकची पिन बोर्डावर थेट डाखलेली असेल, तर वायरीला बसणारा प्रत्येक हिसका त्या डाखापर्यंत पोचतो. म्हणून अनेक कंपन्यांनी पुढे जॅक वेगळ्या छोट्या वायरीवर दिला, आणि तो बदल खरंच शहाणपणाचा होता. मग रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरने पुसायचे आणि ती घट्ट बसवायची. बिजागरीतून पडद्याकडे जाणारी पट्टी सोललेली नाही ना, हे पाहायचं. कधी सगळं करून झाल्यावर लॅपटॉप कानाशी धरून हलवला की आत बारीक खुळखुळ ऐकू येते. आधीच्या दुरुस्तीत निसटलेला एक स्क्रू बोर्डावर गडगडत असतो आणि भलत्या दोन ठिकाणांना टेकला की वीज तोडतो. असा स्क्रू चिमट्याने काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवताना कारागिराच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते बघण्यासारखं असतं.

ही विद्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये बहुतेकदा उस्तादाच्या शेजारी बसून शिकली जाते. तिच्यापुढची अडचण आता वेगळी आहे. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये अनेकदा रॅम बोर्डावरच डाखलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते. त्याने काही सैल सांधे नाहीसे झाले, हे खरंच. पण उरलेला एखादा बिघडला तर कारागिराच्या हाती काही राहत नाही आणि कंपनीचं केंद्र अख्खा बोर्ड बदलायला सांगतं. एका डाखाच्या भेगेसाठी निम्म्या लॅपटॉपची किंमत मोजायला लावणं हा अन्याय आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळही सुरू केलं. बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग रस्त्यावरच्या कारागिरालाही मिळाले, तरच त्या हक्काला अर्थ आहे. कंपन्यांकडे ही मागणी गिऱ्हाइकांनीच लावून धरायला हवी.

तोवर, ज्याचा लॅपटॉप उचलल्यावर बंद पडतो, त्याने पहिल्यांदा सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. मग कोणता कोपरा उचलल्यावर तो बंद पडतो, चार्जरवर असताना की बॅटरीवर, थंड असताना की तापल्यावर, हे दोन दिवस बघून कागदावर लिहावं आणि तो कागद लॅपटॉपबरोबर कारागिराच्या हातात द्यावा.