कैनाडची कणगी आणि वर्षाची वाटणी

येत्या वर्षी द्रव्य कोठे आणि किती गुंतवावे, याचा अदमास बांधण्याची रीत मुंबईच्या पेढ्यांना एकोणिसाव्या शतकातच अंगवळणी पडली होती. चीनच्या बंदरांत अफूला काय भाव येईल, अमेरिकेतील यादवी किती लांबेल आणि लँकेशायरला कापूस किती लागेल, यांवर तेथील सराफ आपले आडाखे बांधीत, आणि 1865 साली ती यादवी संपताच त्यांतील कित्येकांचे दिवाळे निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेकडील लोहमार्ग मुंबईस येऊन मिळाला होता, आणि डहाणूच्या माळांवरील गवत शहरातील तबेल्यांसाठी विकाऊ माल झाले.

याच डहाणू भागातील कैनाड आणि आसपासच्या वारली पाड्यांवर मात्र कुटुंबाची सारी मालमत्ता शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत मावत असे. भात, नागली, वरई घरी आली की बियाणे किती राखावे, चुलीला किती लागेल आणि धान्यदेवता कणसरीच्या पूजेस काय काढावे, याचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावयाचा. परंतु त्याआधीच जमीनदाराचा खंड आणि आषाढ-श्रावणात उचललेली खावटी व्याजासह खळ्यावर वसूल होई, आणि कणगी रिकामी झाली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दारी उभे राहणे प्राप्त होई. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-नवरी दोघेही सावकाराच्या घरी राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. या वेठीचे वर्णन सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या 1939 च्या अहवालातही आहे. ज्याच्या श्रमाचीच मालकी दुसऱ्याकडे गहाण पडली, त्याने वर्षाचे नियोजन ते कसले करावे?

1945 साली किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार झुगारली आणि 500 पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मागितली. 10 ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले.

पुढे कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कसणाऱ्या कुळांस जमिनीचे मालक मानण्याचा कृषकदिन ठरला आणि सातबाऱ्याला महत्त्व आले. तथापि या भागाच्या अर्थेतिहासाचा आरंभ त्या दस्तऐवजांपासून न धरता अडीच रुपयांच्या मागणीपासूनच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आपल्या कष्टाचे मोल आपण ठरविण्याचा हक्क वारल्यांनी तेव्हाच प्रथम उघडपणे मागितला.