रोटाव्हायरस : संरचना व वर्गीकरणाचा इतिहास

रोटाव्हायरस हा अर्भकांत व लहान मुलांत तीव्र अतिसार घडवून आणणारा विषाणू आहे. या रोगात वांत्या व जुलाब यांमुळे शरीरातील पाणी व लवणे झपाट्याने कमी होतात; वेळीच उपचार न झाल्यास मूल दगावते. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या ग्रहणीतील (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील) ऊतक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासले, तेव्हा अस्तराच्या कोशिकांत (पेशींत) हे विषाणू आढळले. कणांच्या चाकासारख्या आकारावरून टी. एच. फ्ल्यूएट यांनी १९७४ मध्ये ‘रोटा’ (लॅटिन भाषेत चाक) या शब्दावर आधारलेले नाव सुचविले.

संरचना : विषाणुकणाभोवती प्रथिनांची तीन आवरणे असतात. सर्वांत आतील आवरण व्हीपी २ या प्रथिनाचे, मधले व्हीपी ६ चे व बाहेरील व्हीपी ७ चे असते. बाहेरील आवरणातून व्हीपी ४ या प्रथिनाचे ६० काटे पुढे आलेले असतात. त्यांच्या साहाय्याने विषाणू कोशिकेला चिकटतो. गाभ्यात द्विसूत्री आरएनएचे ११ स्वतंत्र खंड असतात.

वर्गीकरण : पूर्वी या प्रजातीचा (वंशाचा) समावेश रीओव्हिरिडी कुलात करीत, २०२२ मध्ये ती सेडोरीओव्हिरिडी कुलात घालण्यात आली. व्हीपी ६ मधील फरकांवरून ए, बी, सी इ. गट पाडतात. बालकांतील बहुतेक रोग ए गटामुळे होतो. बी गटामुळे १९८२-८३ मध्ये चीनमध्ये प्रौढांत मोठ्या साथी आल्या. ए गटाचे प्रकार दुहेरी रीतीने सांगतात : व्हीपी ७ वरून जी व व्हीपी ४ वरून पी. ही दुहेरी पद्धत आवश्यक ठरते, कारण एकाच कोशिकेत दोन वाण शिरल्यास त्यांच्या आरएनए खंडांची अदलाबदल होऊन नवे वाण निर्माण होतात. केवळ दोन खंडांवरून अशा वाणांचे मूळ पूर्णपणे कळत नसल्यामुळे २००८ मध्ये अकराही खंडांवर आधारित पद्धती मांडण्यात आली.

दिल्ली येथे नवजात बालकांत सापडलेला ११६ ई हा वाण याचे उत्तम उदाहरण होय. तो मानवी असला, तरी त्याचा व्हीपी ४ चा खंड गोवंशीय विषाणूतून आलेला आहे. या वाणापासून तयार केलेली लस २०१६ मध्ये भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत गोवंशीय वाणाला मानवी विषाणूंचे जी १, २, ३, ४ व ९ या प्रकारांचे खंड जोडलेले आहेत. एकाच वाणाची लस इतर प्रकारांपासूनही काही अंशी संरक्षण देते. यावरून प्रतिरक्षा केवळ जी व पी प्रकारांवर अवलंबून नसते, हे स्पष्ट होते. तथापि लसीकरणानंतर कोणते वाण टिकून राहतात वा नव्याने पसरतात, हे जाणण्यासाठी वर्गीकरणाचाच आधार घ्यावा लागतो.