गुणवंतांचा पोशिंदा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे दक्षिणेतील एक पुरातन क्षेत्र आहे. दर बारा वर्षांनी महामहम तीर्थावर लोटणारी यात्रा, गोपुरांची दाटी आणि पानमळ्यांची कीर्ती यांमुळे हे गाव भारतभर ठाऊक आहे. मराठी माणसाला त्याची ओळख आणखी एका नात्याने असावयास हवी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांनी तंजावरास जे मराठी राज्य स्थापिले, त्याच मुलखातले हे गाव. ते राज्य १८५५ साली लयास गेले, पण त्याच्या आश्रयाने दक्षिणेत गेलेली मराठी घराणी तेथेच रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे अशाच एका घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच झाला.

या गावी १८५४ साली एक सरकारी शाळा निघाली. पुढे तिचेच महाविद्यालय झाले, आणि त्याच्या लौकिकामुळे लोक कुंभकोणमला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणू लागले. याच महाविद्यालयात १९०४ साली एका कापडाच्या पेढीवरील कारकुनाचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. गणितावाचून त्याला दुसरे काही सुचत नसे. परिणामी तो इतर विषयांत, विशेषतः इंग्रजीत, मागे पडला आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. नियमाप्रमाणे पाहता यात महाविद्यालयाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. सर्व विषयांत उत्तीर्ण होणारासाठीच ती शिष्यवृत्ती होती. परंतु ज्या विद्यार्थ्यामुळे त्या संस्थेचे नाव पुढे जगभर व्हावयाचे होते, त्यालाच तिचा नियम पोसू शकला नाही, हेही तितकेच खरे.

नियमाने जे केले नाही ते एका चाहत्याने केले. १९१०च्या अखेरीस रामानुजन नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्रराव यांच्याकडे गेला. रामचंद्रराव स्वतः गणिताचे व्यासंगी होते. या तरुणाच्या वह्या चाळल्यावर त्यांनी त्याला विचारले की तुला हवे तरी काय? त्याने मागितले ते एवढेच, की पोटापुरते मिळावे म्हणजे गणित करावयास सवड होईल. रामचंद्ररावांनी त्याला मद्रासेस राहावयास सांगितले आणि स्वतःच्या खिशातून दरमहा २५ रुपये देण्यास आरंभ केला. त्याच सवडीत, १९११ साली, रामानुजनचा पहिला मोठा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कथेचा अर्थपूर्ण भाग यापुढचा आहे. रामानुजनला हे पैसे फार काळ घेववेनात. दुसऱ्यावर भार होऊन राहणे त्याच्या मनाला रुचेना. १९१२च्या मार्च महिन्यात तो मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात ३० रुपयांवर कारकून झाला. पुढे केंब्रिजच्या हार्डींशी त्याचा पत्रव्यवहार झाला, आणि १९१३च्या मे महिन्यापासून मद्रास विद्यापीठाने त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. व्यक्तीचे २५ रुपये त्याने संकोचाने घेतले आणि सोडले, पण विद्यापीठाचे ७५ रुपये मान ताठ ठेवून स्वीकारले. उपकार आणि हक्क यांतील अंतर या दोन आकड्यांत सामावले आहे.

गुणवंताला पोसावयाचे कोणी, हा प्रश्न बुद्धीच्या क्षेत्रापुरता नाही. शरीराच्या क्षेत्रात तर तो अधिक निकडीचा ठरतो. गणिताला कागद पुरतो, पण मल्लाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम आणि कित्येक वर्षांची मेहनत यांवाचून अंग तयार होत नाही. महाराष्ट्रात हा भार पूर्वीपासून दोघांनी वाहिला आहे, एक राजाश्रय आणि दुसरी लोकवर्गणी. कोल्हापुरास शाहू महाराजांनी तालमींना आणि मल्लांना उदार हस्ते आश्रय दिला व खासबागेचे प्रशस्त कुस्ती मैदान उभारले. गावोगावच्या जत्रांत मात्र इनाम राजा देत नसे, गाव देत असे. घराघरांतून वर्गणी गोळा होई, नारळापासून रोख इनामापर्यंत कुस्त्या लागत, आणि एखाद्या पोराने नामी डाव टाकला की प्रेक्षकच खिशातले नाणे काढून त्याच्या हातावर ठेवीत. खेळणाराच्या पोटाला पाहणाराने हातभार लावावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

देशाबाहेर खेळण्याचा प्रसंग आला तेव्हाही हीच रीत कामी आली. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानातून जो लहानसा संघ गेला, त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पाहिलेल्या शर्यतींची प्रेरणा होती. दोराबजी टाटांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि पदरचे पैसे घातले.

या परंपरेची सर्वांत मोठी कसोटी १९५२ साली लागली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले आणि तेथे सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झाले होते. राजाश्रय संपला होता, आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. त्या पोकळीत लोक पुढे आले. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली, दुकानदारांनी यथाशक्ति भर घातली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसे दुसरे पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले.

परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि ज्याची मिरवणूक निघाली, त्याने पुढे कुस्त्यांची मैदाने भरवून मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. रामानुजनचा संकोच आणि खाशाबांची ही परतफेड यांचे मूळ एकच आहे. स्वाभिमानी गुणवंताला चाहत्याची देणगी ऋणासारखी वाटते. ते ऋण गोड असते, पण त्याचा भार खांद्यावर राहतोच.

आज अमेरिकेत याच प्रश्नाने निराळे रूप धारण केले आहे. तेथे महाविद्यालयांचे खेळ हा एक अवाढव्य व्यवसाय आहे. अनेक वर्षे खेळाडूंना शिक्षणाच्या खर्चापलीकडे काही द्यावयाचे नाही, असा दंडक होता. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला धक्का दिला, आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. लगोलग माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी निधी उभारून खेळाडूंना पैसे देण्यास सुरुवात केली. २०२४ साली टेनेसी विद्यापीठाने पुढील हंगामाच्या फुटबॉल तिकिटांवर १० टक्के जादा आकार जाहीर केला, तोही खेळाडूंना द्यावयाच्या पैशाच्या नावाने. २०२५च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर, ही एकेका विद्यापीठासाठी आरंभीची कमाल मर्यादा.

मग चाहत्याने खेळाडूसाठी पैसे द्यावेत की नाही? कुंभकोणम आणि कोल्हापूर यांचा इतिहास समोर ठेवला तर उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासातून कोणी धन मिळविणार नव्हते. रामानुजनच्या सूत्रांवर कोणाची तिकिटे विकली जाणार नव्हती. जेथे गुण आहे पण बाजार नाही, तेथे चाहत्याची ओंजळ हाच पहिला आधार असतो. ती पुढे झाली नाही तर गुण मुळातच सुकतो. जेथे मात्र खेळाच्या जिवावर संस्था धन मिळवते, तेथे पहिले देणे त्या संस्थेचे आहे. प्रेक्षकाने तिकीट घेतले तेव्हाच आपला वाटा दिलेला असतो. त्याच्याकडून पुन्हा आकार घेणे म्हणजे संस्थेने आपले कर्तव्य त्याच्या प्रेमावर ढकलणे होय.

दुसरा मुद्दा याहून कठीण आहे. चाहता त्यालाच देतो, ज्याला त्याने पाहिले आहे. रामानुजन वह्या काखेत मारून दारोदार हिंडला म्हणून रामचंद्ररावांना दिसला. खाशाबा लंडनला सहावे आले होते म्हणून गाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांच्या वह्या कोणी उघडल्या नाहीत आणि ज्यांची कुस्ती पाहावयास कोणी जाणता बसला नव्हता, त्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. अनोळखी गुणवंतापर्यंत पोहोचण्याचे काम वर्गणीचे नव्हे. ते शाळेचे, विद्यापीठाचे आणि शासनाचे आहे, आणि ते नियमाने, न मागता व्हावयास हवे. त्या नियमाला अपवाद ओळखण्याची नजरही हवी. नाहीतर कुंभकोणमच्या शिष्यवृत्तीसारखी त्याची गत होते.

म्हणून लोकवर्गणीला कमी लेखू नये, आणि तिच्यावर सारा भारही टाकू नये. मद्रास विद्यापीठाचे ७५ रुपये येण्याआधी एका जिल्हाधिकाऱ्याचे २५ रुपये यावे लागले. खासगी ओंजळीने वाट दाखविली, आणि त्या वाटेने नंतर सार्वजनिक तिजोरी चालत आली. ज्या समाजात ही तिजोरी मागून येत नाही, तेथे प्रत्येक पदकासाठी कोणाचे तरी घर गहाण पडत राहील.